हप्ता भरला, पण आणला कुठून?

(सामुदायिक रेडिओवर झालेल्या भाषणाचा मजकूर)



मागच्या खेपेला मी याच कार्यक्रमात गटाचं दप्तर कसं ठेवावं ते सांगितलं होतं. नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड आणि नियमित हिशेब, ही आपली पंचसूत्री. आता ती तुम्हाला झोपेतून उठवलं तरी पाठ म्हणता येते. आज त्यातल्या चौथ्या सूत्राबद्दल बोलायचं आहे, परतफेडीबद्दल. तेरा वर्षं गटांचं काम करूनही मला त्यातली एक गोष्ट नीट कळली नव्हती. ती कळायला हैदराबादला जावं लागलं.

झालं असं की, बचत गटांच्या समन्वयकांची दोन दिवसांची परिषद हैदराबादला होती. वेगवेगळ्या राज्यांतून बायका येणार होत्या आणि आमच्या भागातून बोलायला माझं नाव गेलं. मला आठ मिनिटं मिळणार होती. विषय होता, ‘शंभर टक्के परतफेड कशी साधली’. माझ्याकडे ३२ गट आहेत आणि त्या सगळ्यांची परतफेड कागदावर शंभर टक्के होती. म्हणून तर बोलावलं होतं.

पत्र आलं तेव्हा घरात आनंद झाला. मिस्टर म्हणाले, जा, चार दिवस म्हशीचं आणि पोरांचं मी बघतो. फक्त आमच्या आजेसासू गप्प झाल्या. त्या आता पंच्याऐंशीच्या पुढं आहेत. रात्री पाय चेपताना मी विचारलं, आई, काय झालं? तर म्हणाल्या, ‘त्या गावाचं नाव निघालं की मला अजून कसंतरी होतं बाई.’

आपल्यातल्या लहान मुलींना हे माहीत नसेल, म्हणून सांगते. आपला मराठवाडा १९४८ सालापर्यंत हैदराबाद संस्थानात होता, निजामाच्या राज्यात. देश १९४७ साली स्वतंत्र झाला, पण आपण नाही. १७ सप्टेंबर १९४८ ला निजाम शरण आला, म्हणून त्या दिवशी आपण मुक्तिसंग्राम दिन पाळतो आणि शाळेत झेंडा लावतो. त्याआधीचं वर्ष रझाकारांच्या दहशतीचं होतं. आजेसासू तेव्हा आठ-नऊ वर्षांच्या होत्या. रात्री ज्वारीत लपून बसलेलं त्यांना आठवतं. आणि दुसरंही आठवतं. वडील कोर्टाच्या कामाला हैदराबादला जायचे आणि येताना तिथल्या लाखेच्या बांगड्या आणायचे. तेव्हा पैसाही वेगळा होता. निजामाचा तो हाली आणि इंग्रजाचा तो कलदार. सावकार कर्ज हालीत द्यायचा आणि वसूल करताना कलदार मागायचा, असं त्या सांगतात. म्हणजे एकाच गावाची भीतीही होती आणि ओढही.

मी निघाले तेव्हा दारात उभ्या राहून म्हणाल्या, ‘जपून जा. अन् कुणाचं उसनं घेऊ नको.’

परभणीहून सकाळची गाडी पकडली. पूर्णा, नांदेड, धर्माबाद मागं पडलं. धर्माबाद सुटलं की डब्यातली भाषा बदलते. भेळवाला जाऊन इडलीवाला येतो. बासरला सरस्वतीच्या दर्शनाला जाणारी माणसं उतरली, आणि मग गाडी गोदावरीच्या पुलावर आली. डब्यातल्या बायकांनी खिडकीतून नाणी टाकली. मीही एक टाकलं. गंगाखेडला आपण जिच्यात दिवे सोडतो तीच ही नदी, फक्त इथं तिला हात जोडणाऱ्या बायकांचे शब्द तेलुगू.

हैदराबाद किती मोठं आहे ते मी सांगत बसत नाही. पण तिथल्या बोलण्याबद्दल सांगायलाच हवं. दुकानाच्या एकाच पाटीवर तेलुगू, उर्दू आणि इंग्रजी अक्षरं. रस्त्यात कुणी तेलुगू बोलतंय, कुणी उर्दू, कुणी मारवाडी. आणि मराठीसुद्धा! आपली माणसं तिथं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. मराठी माणसांनी सुरू केलेली विवेक वर्धिनी ही संस्था तिथं निजामाच्या काळापासून आहे. मी मात्र घाबरून होते. मला हिंदी येते, पण ती परीक्षेपुरती.

रिक्षावाल्या चाचांनी जास्त भाडं सांगितलं तेव्हा माझ्या तोंडून आपसूक निघालं, ‘नको, नको.’ ते हसले आणि म्हणाले, ‘नक्को तो नक्को, कितना देते बोलो.’ मी बघतच राहिले. मग दोन दिवस कान देऊन ऐकलं. तिथली दखनी बोली बोलणारी माणसं ‘नक्को’ म्हणतात, ‘क्यों’ला ‘कायकू’ म्हणतात, आणि आपण ‘मलाच’ म्हणतो तसं ‘मेरेकूच’ म्हणतात. आपला ‘नको’, आपला ‘काय’ आणि आपला ‘च’ त्या बोलीत मुरलेत. कित्येक शतकं शेजारी राहिल्यावर भाषा एकमेकींकडं पीठ-मीठ मागतातच. आपणही कमी घेतलेलं नाही. दप्तर उघडा आणि बघा. हिशेब, जमा, बाकी, रक्कम, वसूल, कर्ज हे सगळे शब्द अरबी-फारसीकडून आपल्याकडं आलेत. त्यांच्याशिवाय आपली एक बैठक व्हायची नाही.

परिषद राजेंद्रनगर भागातल्या एका प्रशिक्षण संस्थेत होती. पहिल्या दिवशी ओळखी झाल्या. आपण ताई म्हणतो. बिहार-झारखंडच्या बायका एकमेकींना दीदी म्हणतात, तेलुगू आणि तमिळ बायका अक्का म्हणतात आणि केरळच्या चेच्ची. गटालाही नाव वेगळं. तेलुगूत संघम्, बिहारकडं समूह. केरळात अयल्कूट्टम म्हणतात, म्हणजे शेजारणींची जमात. दुपारच्या जेवणाला भात, सांबार, आंबट पप्पू. झारखंडची दीदी पानात भाजी शोधत होती आणि मी भाकरी. शेवटी दोघी ताकभातावर आलो.

त्या दिवशी एक जुनी हकिगत ऐकायला मिळाली, ती तुम्हालाही आवडेल. आंध्रात नेल्लोर जिल्ह्यात दुबगुंटा नावाचं गाव आहे. १९९०-९२ च्या सुमाराला तिथं साक्षरतेचे वर्ग चालू होते. पुस्तकात दारूपायी संसार कसा बुडतो यावर एक धडा होता. तो वाचून बायका म्हणाल्या, ही तर आपलीच गोष्ट. त्या उठल्या आणि गावातलं अरकचं, म्हणजे हातभट्टीसारख्या स्वस्त दारूचं दुकान बंद पाडलं. ते लोण गावोगाव पसरलं आणि १९९३ साली सरकारला राज्यात अरकवर बंदी घालावी लागली. मग दारूत जाणारा रुपया वाचवायचा म्हणून त्या भागात बायकांचे बचतीचे गट उभे राहिले. त्या गटांना ‘पोदुपु लक्ष्मी’ म्हणत. पोदुपु म्हणजे बचत. आपल्या देशात नाबार्डनं बचत गटांना बँकेशी जोडायला सुरुवात केली तीही १९९२ सालीच.

हे ऐकताना मान ताठ झाली. पण त्याच वेळी पर्समधला माझ्या भाषणाचा कागद मला टोचायला लागला होता. का, ते आता सांगते.

आमच्या एका गटात एक ताई आहेत. नाव-गाव सांगत नाही. बोलायला गोड, बैठकीला कधी गैरहजर नाहीत. मुलीच्या दवाखान्यासाठी त्यांनी गटातून २० हजार कर्ज घेतलं होतं. त्या वर्षी काढणीच्या वेळी पाऊस आला आणि सोयाबीन शेतातच काळं पडलं. तरी ताईंचा हप्ता एकदाही चुकला नाही. मी बैठकीत त्यांचं उदाहरण द्यायची. मी हैदराबादला निघायच्या आठवडाभर आधी त्या पहिल्यांदा बैठकीला आल्या नाहीत. मी घरी गेले, तर उंबऱ्यावर एका फायनान्स कंपनीचा पोरगा बसलेला. ताई आत न्हाणीघरात. मला बघून बाहेर आल्या आणि डोळ्याला पदर लावला.

गटाचा हप्ता भरायला त्यांनी फायनान्सकडून ३० हजार घेतले होते. त्याचे दर आठवड्याला ६५० रुपये, असे ५२ आठवडे. ते फेडायला दुसऱ्या कंपनीचं कर्ज. आणि त्याआधीच गळ्यातली पोत सोनाराकडं गेली होती. गळ्यात राहिले होते नुसते काळे मणी. आणि बायांनो, ते मणी मी सहा महिने प्रत्येक बैठकीत बघत होते. माझ्या मनात प्रश्न आला नव्हता असं नाही. पण मी विचारलं नाही. विचारलं असतं तर रकाना बिघडला असता. मी दप्तरात ‘नियमित’ असं लिहून सही केली.

आणि तोच आकडा घेऊन मी हैदराबादला आले होते.

पहिल्या दिवशी संध्याकाळी आम्ही तिघी चारमिनारला गेलो. मी, झारखंडची दीदी आणि माझ्या खोलीतल्या वरंगलच्या अक्का. अक्का पंचावन्नच्या असतील, तेलुगू बोलणाऱ्या, पण जुन्या हैदराबाद संस्थानातल्या म्हणून दखनीही येणाऱ्या. त्याच आमच्या दुभाषी झाल्या. चारमिनार १५९१ साली कुतुबशाहीत बांधला. त्याच्या शेजारीच लाड बाजार, बांगड्यांचा बाजार. लाख विस्तवावर मऊ करायची, कड्यावर चढवायची आणि गरम असतानाच एकेक खडा बसवायचा. हे खड्यांचं काम कितीतरी बायका घरी बसून करतात.

एका दुकानाच्या मागच्या बाजूला एक आपा काम करत होत्या. नजर खाली, बोटं भराभर चालू. मालकानं भाव सांगितला, मी ‘नको’ म्हटलं, तर त्या मान वर न करता म्हणाल्या, ‘कायकू नक्को? मेहनत देखो.’ आम्ही तिथंच बसलो. मजुरी डझनावर मिळते. अक्कांनी त्यांना विचारलं, घर भागतं का? त्या हसल्या आणि म्हणाल्या, ‘हर हफ्ते हफ्ता.’

मला आधी कळलंच नाही. मग उजेड पडला. उर्दूत हफ्ता म्हणजे आठवडा. आपण ज्याला हप्ता म्हणतो तो शब्द आठवड्यावरूनच आलेला. दर आठवड्याला दारात येऊन उभा राहतो तो हप्ता. त्या आपांच्या दारातही एका कंपनीचा माणूस दर सोमवारी येत होता. चारमिनारच्या सावलीतली बुरख्यातली आपा आणि आमच्या गावातली सोयाबीनवाली ताई, दोघींच्या आठवड्याला एकच वार होता, वसुलीचा.

रात्री झोप येईना. अक्का जाग्याच होत्या. मी माझं भाषण त्यांना वाचून दाखवलं, मोडक्या हिंदीत. ३२ गट, ३४६ महिला, परतफेड शंभर टक्के. अक्कांनी शांतपणे ऐकलं आणि एवढंच विचारलं, ‘किधर से लाके भरते जी?’

कुठून आणून भरतात?

मी गप्प. मग त्या बोलल्या. २००८-०९ साली त्यांच्या गावातही सगळ्यांची परतफेड शंभर टक्के होती. एका वर्षात पाच-पाच कंपन्या गावात आल्या होत्या. एकीचं कर्ज फेडायला दुसरीकडून घ्यायचं, दुसरीचं फेडायला तिसरीकडून. बाहेरून सगळं झकास दिसायचं. एकीचा हप्ता चुकला तर बाकीच्या जणींनी भरायचा, असा नियम. म्हणून मग बाकीच्या जणीच तिच्या दारात जाऊन बसायच्या. अक्का गटाच्या अध्यक्षा होत्या. त्या स्वतः एका शेजारणीच्या दारात सकाळपासून दिवेलागणीपर्यंत बसल्या होत्या. संध्याकाळी तिनं कुठून तरी पैसे आणून दिले. त्या आठवड्याचा आकडाही शंभरच राहिला. चार दिवसांनी ते कुटुंब रातोरात गाव सोडून गेलं. अक्का म्हणाल्या, ‘उस घर का ताला अब्बी भी वैसाच है. मैं पैसा पूछी, हाल नहीं पूछी.’

मैत्रिणींनो, ही एका गावाची गोष्ट नव्हती. तेव्हाच्या अखंड आंध्र प्रदेशात कर्जाच्या ओझ्यानं आणि वसुलीच्या जाचानं आत्महत्या झाल्याच्या बातम्या आल्या. शेवटी ऑक्टोबर २०१० मध्ये सरकारला वटहुकूम काढून कंपन्यांच्या वसुलीला लगाम घालावा लागला. बायकांच्या गटांसाठी देशात नावाजलेलं राज्य ते. तिथंच हे झालं, आणि होईपर्यंत कागदावर सगळं छान होतं.

दुसऱ्या दिवशी माझी पाळी आली. पाय थरथरत होते. समोर अधिकारी, बँकेचे लोक आणि सात-आठ भाषा बोलणाऱ्या दीडशे बायका. मी कागद बाजूला ठेवला आणि म्हटलं, ‘आमची परतफेड शंभर टक्के आहे. पण हप्त्याचे पैसे कुठून येतात हे मी आजवर विचारलेलं नाही. एकीला विचारलं, तेव्हा कळलं की माझा आकडा तिच्या गळ्यातल्या पोतीवर उभा आहे. म्हणून ही यशाची गोष्ट मला आज सांगता येत नाही.’

सभागृह शांत झालं. सूत्रसंचालक म्हणाले, हा मुद्दा आपण नंतर घेऊ. मला वाटलं, झालं, आपण सगळ्या जिल्ह्याची लाज घालवली. माझी आठ मिनिटंही संपली नव्हती, तोवर मागून झारखंडची दीदी उठली आणि म्हणाली, हमारे यहाँ भी यही है. मग बिहारची एक उठली. तमिळनाडूची एक जण तिच्या भाषेत इतकं भराभर बोलली की दुभाषाही मागं पडला, पण काय म्हणते ते आम्हाला कळलं होतं.

केरळच्या चेच्चीनं उपाय सांगितला. त्यांच्याकडं कुडुंबश्री नावाची बायकांची मोठी चळवळ आहे, १९९८ पासूनची. सावकाराच्या पाशातून घरं सोडवायला तिथं २०१८ साली एक योजना सुरू झाली, ‘मुट्टत्ते मुल्ला’. म्हणजे अंगणातला मोगरा. सहकारी बँक कुडुंबश्रीच्या गटाला पैसे देते आणि गटातल्या बायका शेजारच्या घरी जाऊन सावकाराचं महाग कर्ज फेडायला स्वस्त कर्ज देतात. घरोघरी जाऊन हप्ता गोळा करणाऱ्याही त्याच, पण त्या शेजारणी असतात. आल्यावर आधी विचारतात, चूल पेटली का?

परतीच्या गाडीत मी ठरवलं होतं, पण गावात आल्यावर ते करणं सोपं गेलं नाही. तेही तुम्हाला खरं सांगते.

पहिल्यांदा त्या ताईंच्या घरी गेले आणि माफी मागितली. मग चार गट निवडले आणि प्रत्येकीच्या घरी जाऊन बसले. चारचौघींत नाही, एकटीला, आणि पोरांची पाटी मधे ठेवून. पाटीवर मधोमध घर काढायचं आणि भोवती जिथं जिथं देणं आहे ते लिहायचं. गट, बँक, कंपनी, सोनार, किराणा, दुकानदाराचं खत-बियाणं, भावाकडून घेतलेले उसने. एका गटात अकरा जणींपैकी पाच जणींनी सहा महिन्यांत एकदा तरी कर्ज काढून गटाचा हप्ता भरला होता. एका मावशींनी पाटी बघितली आणि म्हणाल्या, ‘एवढं आहे होय? मी कधी एका जागी मांडलंच नव्हतं.’

मग बैठकीत ठरवून काही जणींचे हप्ते लहान केले, मुदत वाढवली. ताईंना ग्रामसंघाच्या जोखीम निधीतून थोडी रक्कम दिली आणि जास्त व्याजाचं कर्ज आधी फेडायला लावलं. परिणाम काय झाला? त्या चार गटांची परतफेड शंभरावरून ब्याण्णववर आली. बँकेत प्रश्न झाले. एका गटाचं पुढचं कर्ज लांबणीवर पडलं आणि त्या गटाच्या अध्यक्षा दोन महिने माझ्याशी बोलल्या नाहीत. एक बाई ‘घरातलं कशाला विचारता’ म्हणून गट सोडून गेली. तिचंही चुकलं असं मी म्हणणार नाही. विचारायची पद्धत माझी चुकली असेल. ताईंची पोत अजून सोनाराकडंच आहे. पण दुसऱ्या कंपनीचं कर्ज फिटलं आहे, आणि त्या आता बैठकीत स्वतःहून सांगतात, ‘या महिन्यात निम्माच भरते, पण घामाचा भरते.’

जाता जाता तुमच्या उपयोगाच्या चार गोष्टी. छोट्या कर्जांसाठी रिझर्व्ह बँकेचे २०२२ सालापासूनचे नियम आहेत. ज्या घराचं वर्षाचं उत्पन्न ३ लाखांपर्यंत आहे त्याला हे लागू होतात. घराचे सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याहून जास्त होता कामा नयेत. महिन्याला दहा हजार येत असतील तर हप्ते पाच हजारांच्या आतच. या कर्जाला तारण मागता येत नाही. मुदतीआधी कर्ज फेडलं तर दंड लावता येत नाही. कर्जाचं कार्ड तुम्हाला कळेल अशा भाषेत मिळायला हवं आणि त्यावर व्याज लिहिलेलं हवं. वसुलीची जागा ठरलेली असते. तिथं तुम्ही लागोपाठ दोन किंवा जास्त वेळा गेला नाहीत, तरच त्यांना घरी येता येतं. सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर वसुलीला येता येत नाही, फोनही करता येत नाही. धमकी, शिवीगाळ चालत नाही. आधी त्या कंपनीकडंच लेखी तक्रार करा. तिथं दाद लागली नाही तर पुढं रिझर्व्ह बँकेकडं जाता येतं. त्यांचा फोन १४४४८. एवढं कागदावर लिहून गटाच्या पेटीत ठेवा.

मात्र घेतलेलं कर्ज बुडवा असं मी सांगत नाही. गटाचा पैसा आपल्याच बहिणींचा आहे, तो परत यायलाच हवा. फक्त तो कुठून आला हे विचारणारं कुणीतरी गटात असू द्या. पुढच्या बैठकीत हप्ते गोळा करण्याआधी पाच मिनिटं काढा. सचिवताई, तुम्हीच सुरुवात करा, आणि आधी स्वतःचं सांगा. दुसरीला विचारायचं असेल तर तिच्या घरी जाऊन विचारा, आणि ऐकलेलं पाणवठ्यावर नेऊ नका.

हैदराबादहून मी आजेसासूंसाठी एक गोष्ट आणली होती, लाड बाजारातली लाखेची एक जोडी, हिरवी. त्यांनी हातात घेतली, उजेडात धरून बघितली. वडिलांनी आणलेल्या अशाच होत्या म्हणाल्या. त्या बाजारातली माणसं ‘नको’ म्हणतात हे सांगितलं तर खुदकन हसल्या. कितीतरी वेळ जोडी हातातच होती. मग माझ्याकडं बघून विचारलं, ‘पैसे कुठून आणलेस गं? उसने नाहीत ना?’

मी म्हटलं, नाही आई. प्रवासभत्त्यातून वाचवलेत.

मैत्रिणींनो, तुमच्या गटात काय निघालं ते मला कळवा. पुढच्या वेळी त्यावरच बोलू. नमस्कार.